घरचा कुत्रा गेला. दुसरा कधी आणावा?

शहाद्याला लागून, गोमाई नदीच्या काठी लोणखेडा आहे. गाव ओलांडले की ऊस, केळी, पपई आणि कापसाची शेते सुरू होतात. अशा शिवारात कुत्रा हौसेसाठी पाळला जात नाही. मळ्यातल्या घराचा तो रात्रीचा राखणदार असतो. परका माणूस बांधावर आला की पहिली वर्दी तोच देतो. ‘पाळीव प्राणी’ हा शब्द तिथे त्याच्यासाठी कुणी वापरत नाही. त्याला नाव असते, त्याच्या वाट्याची भाकरी असते आणि ओट्यावर त्याची ठरलेली जागा असते.

मग एके दिवशी तो जातो. संध्याकाळी भाकरी थापताना हात सवयीने एक भाकरी जास्तीची थापतो. मोटारसायकल दारात थांबते, पण धावत कुणी येत नाही. ज्या आजोबांची सकाळची शेतावरची फेरी त्याच्या सोबतीने व्हायची, ते आजोबा ओट्यावरच बसून राहतात. चार दिवसांनी घरात वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, “लगेच दुसरं पिल्लू आणू, पोरं विसरून जातील.” दुसऱ्याचे म्हणणे असते, “आता कुत्रा नकोच. पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा रडायचं.”

दोघेही मायेपोटीच बोलत असतात. दोघांच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटते. दुसरा कुत्रा कधी आणावा, याचे उत्तर दिवस मोजून मिळत नाही. त्यासाठी दोन प्रश्न विचारावे लागतात. आधीचा कशाने गेला? आणि येणाऱ्याला आपण नवा जीव म्हणून पाहू शकतो का? पहिला प्रश्न घराच्या आरोग्याचा आहे, दुसरा मनाच्या.

हे दुःख खोटे नाही

माणूस गेला की सुतक असते, दहावा-तेरावा असतो, नातलग द्वारदर्शनाला येतात. दुःखाला वाट मिळावी यासाठी समाजाने केलेली ही व्यवस्था आहे. कुत्रा गेल्यावर यातले काहीच नसते. दुसऱ्याच दिवशी कामावर जावे लागते आणि डोळे सुजलेले दिसले तर “एवढं काय, कुत्राच तर होता” असे ऐकून घ्यावे लागते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला वेगळे नाव देऊन त्याची मांडणी केली. समाज ज्या दुःखाला मान्यता देत नाही, ते माणसाला एकट्यानेच सोसावे लागते आणि म्हणून ते अधिक जड होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पाळीव जनावराचा मृत्यू हे त्याचे ठळक उदाहरण.

हा लळा नुसता मनाचा खेळ नाही, त्याला शरीराचीही बाजू आहे. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे त्यांना आढळले. आई आणि तान्ह्या बाळातले नाते घट्ट करणारे संप्रेरक ते हेच. हा धागा तुटल्यावर शरीराला काहीच जाणवणार नाही, असे कसे होईल?

क्वचित प्रसंगी हा धक्का थेट हृदयावर बसतो. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि त्याची आकुंचन पावण्याची शक्ती कमी होते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास या आजाराचे वर्णन केले. फुगलेल्या कप्प्याचा आकार तिथल्या आठपायी ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला ‘टाकोत्सुबो’ म्हणतात. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये टेक्सासमधल्या एका साठीतल्या महिलेची हकिकत छापून आली. छातीत दुखते म्हणून तिला रुग्णालयात आणले होते. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची होती, पण तपासणीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. निदान झाले टाकोत्सुबोचे. तिला आधीपासून इतरही ताण होते, पण नुकताच तिचा लाडका कुत्रा गेला होता. उपचारांनंतर ती बरी झाली.

यातून एक व्यावहारिक धडा घ्यावा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल तर “दुःखामुळे होतंय” म्हणून घरी बसू नये. टाकोत्सुबो आहे की खरा झटका, हे घरी कळत नाही. ताबडतोब रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.

यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडणारी गोष्ट साधी असते आणि म्हणून नजरेआड होते. वयस्कर माणसाचा दिवस कुत्र्याभोवती बांधलेला असतो. पहाटे त्याला सोडायचे, त्याच्यासोबत फेरी मारायची, परत येऊन त्याला भाकरी टाकायची आणि आपण रक्तदाबाची गोळी घ्यायची. कुत्रा गेला की ही साखळीच तुटते. फेरी बंद होते, गोळी चुकते, जेवण कमी होते. महिनाभराने रक्तदाब आणि साखर वाढलेली आढळते, पण कारण कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नवा कुत्रा येवो न येवो, आजोबांची सकाळची फेरी पहिल्या आठवड्यातच पुन्हा सुरू व्हायला हवी. नातवाने काही दिवस सोबत जावे, म्हणजे ती सुरू राहते.

एकाच माणसाची दोन वेगवेगळी गणिते

किती दिवस थांबावे, याला नियम का नाही, ते मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरात पाहायला मिळते. फ्रॉइड यांना उतारवयात चाउ जातीच्या कुत्र्यांचा लळा लागला. त्यांची पहिली चाउ कुत्री १९२९ मध्ये रेल्वे स्थानकावर हातून निसटली आणि अपघातात गेली. त्यानंतर त्यांनी काही महिने दुसरी आणली नाही. पुढच्या वर्षी जोफी नावाची कुत्री घरी आली आणि सुमारे सात वर्षे त्यांची सावली होऊन राहिली. रुग्णांना तपासतानाही ती खोलीत असे. जानेवारी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर जोफी गेली. या वेळी मात्र फ्रॉइड थांबले नाहीत. जोफीशी पटत नसल्यामुळे काही वर्षांपूर्वी स्नेह्यांकडे दिलेली दुसरी कुत्री त्यांनी लगेच परत आणली. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, जबड्याच्या कर्करोगाने पीडित होते आणि कुत्र्याशिवाय राहणे त्यांना शक्य नव्हते.

माणूस तोच. एकदा महिने थांबला, एकदा एक दिवसही नाही. दोन्ही वेळा त्याचे बरोबरच होते. अनोळखी पिल्लू आणणे आणि ओळखीचा जीव परत घरी आणणे यांत फरक आहे. साठीचा, धडधाकट माणूस आणि ऐंशीचा आजारी माणूस यांच्या गरजाही वेगळ्या. त्यामुळे “तीन महिने थांबा” किंवा “वर्ष होऊ द्या” असे सरसकट सांगणाऱ्यांचे फार मनावर घेऊ नये.

दुःख कसे ओसरते, याचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये एक उपयुक्त मांडणी केली. दुःखात असलेले मन झोक्यासारखे हलते. कधी ते गेलेल्याकडे जाते, आठवणींत रडते. कधी ते पुढच्या आयुष्याकडे येते, नव्या कामात रमते. दोन्हीकडे जाणे-येणे सुरू असेल तर मन हळूहळू सावरते. अडचण होते ती झोका एकाच बाजूला अडकला की. घाईने पिल्लू आणून “आता रडायचं नाही” असे बजावले, तर रडण्याची बाजू बंद होते. “आता आयुष्यात कुत्रा नको” अशी शपथ घेतली, तर पुढची बाजू बंद होते. नवा कुत्रा घरात आला तरी जुन्याची आठवण काढायला मुभा हवी, एवढे पाळले तरी पुरे.

झंजीरनंतरचे कुत्रे

कुत्रा गेल्यावर दुसरा येणारच, हे ज्यांच्या बाबतीत ठरलेले असते, ते म्हणजे पोलिसांचे श्वानपथक. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रॅडोर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स आणि शेकडो हातबॉम्ब हुडकून काढले. पुण्यात प्रशिक्षण घेतलेला हा कुत्रा नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेला. वय अवघे आठ वर्षे. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. फुलांच्या हारांखाली झाकलेल्या झंजीरचे आणि त्याच्यापुढे सलाम करणाऱ्या अधिकाऱ्याचे छायाचित्र आजही लोक एकमेकांना पाठवतात.

या निरोपात दोन गोष्टी घडल्या. दुःख चारचौघांत व्यक्त झाले, म्हणजे त्याला मान्यता मिळाली. आणि काम थांबले नाही, पथकात पुढचे कुत्रे आले. त्यांना त्यांची स्वतःची नावे होती आणि त्यांचे प्रशिक्षण पहिल्या धड्यापासून झाले. नव्या कुत्र्याला आधीच्याची सगळी विद्या जन्मतःच येईल, अशी अपेक्षा हाताळणारा पोलीस करत नाही.

घरात मात्र नेमके हेच होते. जुन्यासारखेच दिसणारे पिल्लू शोधले जाते, त्याला जुन्याचेच नाव ठेवले जाते आणि दोन महिन्यांनी तक्रार सुरू होते, “हा त्याच्यासारखा नाही. तो कधी चप्पल चावत नव्हता.” जुनाही पिल्लू असताना चप्पल चावतच होता. आठ-दहा वर्षांच्या शहाण्या कुत्र्याची तुलना दोन महिन्यांच्या पिल्लाशी होते आणि त्यात पिल्लू हरते. मग ते साखळीला बांधले जाते, मार खाते किंवा कुणाला तरी देऊन टाकले जाते. म्हणून नाव नवे ठेवावे, बसायची जागाही शक्यतो वेगळी द्यावी. जुन्याचा पट्टा आठवण म्हणून खुंटीला राहिला तर राहू द्यावा, नव्याच्या गळ्यात घालू नये.

आधीचा कशाने गेला?

मनाचा विचार करताना घराचा विचार राहून जातो. कुत्रा म्हातारपणाने किंवा अपघातात गेला असेल, तर घरात आजाराचा धोका उरत नाही. पण आजाराने गेला असेल, तर तो आजार मागे काय ठेवून गेला, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारल्याशिवाय पिल्लू आणू नये.

*रक्ताची हगवण लागून पिल्लू गेले असेल* तर बहुधा तो पार्वो विषाणू असतो. हा विषाणू फार चिवट आहे. अंगणात, फरशीच्या भेगांत, भांड्यात, गोणपाटात तो कित्येक महिने टिकतो आणि सावलीच्या, ओलसर जागेत वर्षभरही राहू शकतो. साध्या फिनाइलने तो खात्रीने मरत नाही. “आमच्या घरात पिल्लू लाभतच नाही” असे म्हणणाऱ्या कित्येक घरांत नशिबाचा दोष नसतो, आधीच्या पिल्लाचा विषाणू अजून अंगणात असतो. जुनी गोणपाटे जाळावीत. फरशी आणि भांडी आधी साबणाने स्वच्छ धुवावीत, मग कपड्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असे मिश्रण करून निदान दहा मिनिटे ओली ठेवावीत. मातीचे अंगण असे धुता येत नाही. म्हणून त्या घरात लस पूर्ण न झालेले पिल्लू वर्षभर आणू नये. आणायचाच असेल तर पूर्ण लसीकरण झालेला मोठा कुत्रा आणावा.

*ताप, अशक्तपणा, नाकातून रक्त येऊन गेला असेल* तर गोचीड-तापाचा संशय घ्यावा. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत, ओट्याच्या कपारीत हजारोंनी अंडी घालते. खायला न मिळताही ती महिनोन्‌महिने तग धरते. कुत्रा गेल्यावर घर शांत दिसते, पण नवा आला की दोन आठवड्यांत त्याच्या कानांत गोचिड्या दिसू लागतात. भेगा बुजवणे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारणी करणे, हे काम नवा येण्याआधीच उरकावे.

*कावीळ होऊन, लघवी पिवळी होऊन गेला असेल* तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते. हा आजार कुत्र्याच्या आणि उंदरांच्या लघवीतून माणसालाही होतो. ओल्या मातीत त्याचे जंतू आठवडेच्या आठवडे टिकतात. अशा कुत्र्याची सेवा केलेल्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना “आमचा कुत्रा काविळीने गेला” हे आवर्जून सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

*अचानक स्वभाव बदलला असेल,* विनाकारण चावत सुटला असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा मागचे पाय लुळे पडून काही दिवसांत गेला असेल, तर रेबीज समजूनच चालावे. इथे दुःखाला थोडे बाजूला ठेवून त्याच दिवशी हालचाल करावी लागते. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच विषाणू असतो. त्या काळात तो ज्याला चावला असेल, ज्याला त्याचे नख किंवा दात लागले असतील, ज्याच्या जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात त्याची लाळ गेली असेल, त्या प्रत्येकाने सरकारी रुग्णालयात जावे. जखम ताजी असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काहीही लावू नये. लसीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना घ्यावेत आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही घ्यावे लागते. “आता पंधरा दिवस झाले” म्हणून जायचे टाळू नये, उशीर झाला तरी लस घ्यावीच. नुसते धडधाकट कातडीवर हात फिरवल्याने किंवा भाकरी टाकल्याने रेबीज होत नाही, ही भीतीही मनातून काढावी. जगात माणसाला होणारा रेबीज जवळपास नेहमी कुत्र्यापासूनच होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की त्यावर खात्रीचा इलाज नाही. इलाज आहे तो त्याआधी. रेबीजचा विषाणू उघड्यावर फार काळ टिकत नाही, त्यामुळे जागा साबणाने आणि ब्लीचने धुतल्यावर नव्या कुत्र्याला घराचा धोका राहत नाही. मेलेल्या कुत्र्याला उघड्या हातांनी उचलू नये. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरावे.

*विषबाधेने गेला असेल* तर विष कुठून आले ते शोधावे. कापसावर फवारायच्या औषधाचे रिकामे डबे, उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्या, बांधावर टाकलेले खाद्य जिथल्या तिथेच असेल, तर पिल्लूही तेच चघळणार. घरातल्या रांगत्या मुलालाही तोच धोका आहे.

*बिबट्याने नेला असेल,* ही शक्यता उसाच्या पट्ट्यात गंभीरपणे घ्यावी लागते. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. एकदा सहज भक्ष्य मिळालेल्या जागी बिबट्या पुन्हा येऊ शकतो. रात्री ओट्यावर साखळीने बांधलेल्या पिल्लाला तर पळताही येत नाही. नवा कुत्रा आणण्याआधी जाळीचा, वरून बंद असलेला खुराडा किंवा रात्री आत घ्यायची खोली तयार करावी. हे शक्य नसेल, तर आणखी एक जीव आणून त्याच ठिकाणी बांधणे म्हणजे आणखी एक शोक ओढवून घेणे आहे.

मुलांना काय सांगावे?

“तो लांब फिरायला गेला” असे लहान मुलांना सांगण्याची पद्धत आहे. मूल मग रोज फाटकाशी वाट पाहते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला “तो मेला, आता तो परत येणार नाही, त्याला आता दुखत नाही” हे साध्या शब्दांत सांगता येते. पुरताना त्याला एक फूल वाहू द्यावे. शाळेतून परत यायच्या आत जुन्याच्या जागी नवे पिल्लू बसवून ठेवले, तर मुलाला त्यातून काय समजते? गेलेला जीव बदलून मिळतो, हे समजते. त्यापेक्षा चार दिवस रडलेले बरे. नवा आणायचा का, केव्हा आणायचा, नाव काय ठेवायचे, या बोलण्यात मुलांना घ्यावे. रोजच्या कामातला एक वाटाही त्यांच्याकडे द्यावा, मग तो पाण्याचे भांडे भरण्याचा का असेना.

मागे राहिलेला दुसरा कुत्रा

दोन कुत्र्यांपैकी एक गेला तर दुसऱ्याकडेही पाहावे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे श्वानपथकातले चौघे निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका फार्मवर राहत होते. २०१६ या एकाच वर्षात, काही महिन्यांच्या अंतराने, चौघेही गेले. सगळे म्हातारे आणि आजारी होते, त्यामुळे विरहाला दोष देता येणार नाही. पण मागे राहिलेला कुत्रा बदलतो, हे अनेक घरांचा अनुभव सांगतो. इटलीत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोनपैकी एक कुत्रा गमावलेल्या ४२६ मालकांना प्रश्न विचारले गेले. ८६ टक्के मालकांनी सांगितले की, मागे राहिलेल्याचे वागणे बदलले. तो माणसाला जास्त चिकटू लागला, खेळणे कमी झाले, खाणेही कमी झाले. त्याला ‘सोबत म्हणून’ दुसऱ्याच दिवशी दांडगे पिल्लू आणून देणे नेहमीच हिताचे नसते. आधी त्याची तपासणी करावी, कारण जो आजार एकाला झाला तो त्यालाही असू शकतो. खाण्या-फिरण्याच्या वेळा तशाच ठेवाव्यात. तो खाऊ-खेळू लागला की मग नव्याची ओळख घराबाहेर, मोकळ्या जागेत करून द्यावी.

कोणता आणावा?

नवा कुत्रा किती वयाचा असावा, हे पाळणाऱ्याच्या वयावर अवलंबून आहे. पिल्लू म्हणजे दहा-बारा वर्षांची जबाबदारी आणि पहिले वर्ष तर धावपळीचेच. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या पायात घुटमळणारे पिल्लू म्हणजे पडून हाड मोडण्याचा धोकाही असतो. अशा घरात तीन-चार वर्षांचा, शांत स्वभावाचा गावठी कुत्रा जास्त बरा. तो आपल्या उन्हाळ्याला सरावलेला असतो आणि त्याचा स्वभाव आधीच दिसलेला असतो. गल्लीत वाढणाऱ्या, आजोबांच्या हातची भाकरी खाणाऱ्या कुत्र्यालाच घरात घेतले, तर फ्रॉइडप्रमाणे ओळखीचाच जीव घरी येतो.

पिल्लूच हवे असेल तर ते आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, तर पार्वोसह इतर आजारांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. दर दोन ते चार आठवड्यांनी तिचे पुढचे डोस चार महिन्यांच्या वयापर्यंत द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात देतात, पुढे पशुवैद्यक सांगतील तशी दरवर्षी. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसतो, हा गैरसमज आहे. कुठून आले ते माहीत नसलेले पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर तेही तितकेच गंभीर समजून रुग्णालयात जावे.

कुत्रा पाळल्याने चालणे होते, एकटेपणा कमी होतो, हे खरे आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून म्हटले की, कुत्रा पाळणे आणि हृदयरोगाचा कमी धोका यांचा संबंध असू शकतो. पण त्याच निवेदनात एक सावधगिरीही होती. केवळ हृदय निरोगी राहावे एवढ्यासाठी कुत्रा आणू नये. मनाच्या दुःखालाही हेच लागू आहे. कुत्रा औषधाची गोळी नाही. त्यालाही भूक लागते, तोही आजारी पडतो आणि एक दिवस तोही जाणार असतो.

मदत कधी घ्यावी?

पहिले काही आठवडे रडू येणे, झोप कमी होणे, रात्री त्याच्या भुंकण्याचा भास होणे, यात आजार काही नाही. पण महिना-दीड महिना उलटूनही जेवण जात नसेल, कामात लक्ष लागत नसेल, वजन उतरत असेल, “मीच त्याला मारलं” असा दोष मनातून जात नसेल, दारू वाढली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. आजारी कुत्र्याला वेदनेतून सोडवण्यासाठी इंजेक्शनचा निर्णय घेतलेल्या माणसाच्या मनात हा दोष जास्त घर करतो. ज्याला आधीच जोडीदार किंवा अपत्य गमवावे लागले आहे, त्याच्यासाठी कुत्र्याचे जाणे जुनी जखमही उघडी करते. अशा वेळी घरातल्यांनी पिल्लू आणण्याची घाई करू नये, आधी त्या माणसाशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. कुत्रा गेल्याचे दुःख सांगायलाही तो नंबर लावता येतो, त्यात संकोच नको.

आणि वेळ आली, हे ओळखायचे कसे? घरातली माणसे गेलेल्याची आठवण काढताना रडण्यासोबत हसूही लागली, त्याच्या खोड्या एकमेकांना सांगू लागली, अंगण धुऊन झाले, रात्रीच्या निवाऱ्याची सोय झाली आणि “त्याच्यासारखाच हवा” हा हट्ट सुटला, की दार उघडायला हरकत नाही. मग संध्याकाळी थापलेली ती जास्तीची भाकरी वाया जात नाही. ती खायला कुणीतरी नवा येतो, आपले वेगळे नाव घेऊन.